विसरलेल्या तापाचा शोध

गोरखपूरकडे पावसाळ्याचा उत्तरार्ध म्हणजे धास्तीचे दिवस असत. भाताची लावणी उरकलेली, बांधांवर गवत माजलेले, आणि ऑगस्ट लागला की तापाने फणफणलेली मुले खेड्यापाड्यांतून बाबा राघवदास वैद्यकीय महाविद्यालयात येऊ लागत. आधी बरेच दिवस नुसता ताप, मग झटके, मग मूल बेशुद्ध. बालविभागात एकेका खाटेवर दोन-दोन, तीन-तीन मुले ठेवावी लागत. गावातले लोक याला 'नवकी बीमारी' म्हणत. डॉक्टरांच्या लेखी तो जपानी मेंदूज्वर होता. १९७८ साली त्या भागात त्याची पहिली मोठी साथ आली आणि पुढे दर पावसाळ्यात मुले दगावत राहिली. २००५ च्या जुलै ते नोव्हेंबर या काळात पूर्व उत्तर प्रदेशातल्या सात जिल्ह्यांत ५,७३७ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले १,३४४ दगावले.

या आकड्यांनी सरकारला जाग आली. २००६ मध्ये चीनमध्ये तयार झालेली लस आणून एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून टोचण्यात आली. लस चांगली होती आणि तिने आपले काम केले. पुढच्या काही वर्षांत तपासलेल्या मुलांपैकी जपानी मेंदूज्वराची निघणारी मुले दहा टक्क्यांच्या आसपास उरली. वॉर्ड मात्र भरतच राहिले. उरलेल्या मुलांच्या केसपेपरवर 'एईएस' ही तीन अक्षरे लिहिली जात. मेंदूला सूज आहे आणि कारण कळलेले नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

कारण कळायला आणखी दहा वर्षे गेली. कळले तेव्हा ते नवे नव्हते. बहुसंख्य मुलांना स्क्रब टायफस होता. हा रोग जपानी शेतकऱ्यांना दोनशे वर्षांपूर्वी माहीत होता, दुसऱ्या महायुद्धात आपल्याच इंफाळच्या रानात त्याने पलटणी आजारी पाडल्या होत्या, आणि त्यावरचे रामबाण औषध १९४८ साली सापडलेले होते. एवढे सगळे माहीत असताना वैद्यकविश्व हा रोग विसरले कसे, हे क्रमाने पाहायला हवे, कारण तो विसरण्यामागे बेपर्वाईइतकाच एका मोठ्या यशाचाही हात आहे.

आधी रोगाची ओळख. त्याच्या जंतूचे नाव ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. तो माइटच्या अळीच्या चाव्यातून माणसाच्या अंगात शिरतो. पिकावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्यांना माहीत असतो. ही माइट त्याच्याच गोतावळ्यातली. तिची अळी जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, लालसर, सहा पायांची. आयुष्यात एकदाच, अळी असताना, ती उंदराच्या किंवा माणसाच्या अंगावर चढते, दोन-चार दिवस चिकटून राहते आणि पोट भरले की गळून पडते. पुढचे सगळे आयुष्य ती मातीतच काढते. जंतू तिला तिच्या आईकडून अंड्यातूनच आलेला असतो. त्यामुळे माइटची बाधित वसाहत एखाद्या बांधावर किंवा ओढ्याकाठी वर्षानुवर्षे टिकते आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या शेतात तिचा मागमूसही नसतो.

चावलेले कळत नाही. साधारण आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. कित्येकांच्या अंगावर चाव्याच्या जागी सिगरेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. रुग्णाला स्वतःलाच तिचा पत्ता नसतो. जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी काहीही बिघडू शकते. प्लेटलेट उतरतात, यकृताचे अहवाल बिघडतात. पावसाळ्यात असा रुग्ण समोर आला की डॉक्टरांच्या मनात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड हीच नावे आधी येतात. औषध मिळाले नाही तर मरणाऱ्यांचे प्रमाण मुलखागणिक बदलते. कुठे शंभरात एखादा, कुठे तीस.

जपानच्या निइगाता, यामागाता, अकिता या भागांत पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत राबायला जाणाऱ्यांना हा ताप येई आणि त्याचे खापर तिथले शेतकरी एका बारीक लाल किड्यावर फोडत. त्यांचे बरोबर होते. १८१० साली हाशिमोतो हाकुजू या जपानी वैद्याने त्याची नोंद केली. १८७८ मध्ये निइगातात काम करणारे मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी आणि पुढच्याच वर्षी टोकियोत शिकवणारे जर्मन वैद्य एर्विन बेल्झ यांनी तो पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला. तरीही कित्येक वर्षे तो जपानमधल्या काही खोऱ्यांपुरताच समजला गेला.

तो आशियाभर पसरलेला आहे हे उघडकीला आले मलायात, आणि त्यासाठी एक आडवळणाची चाचणी कामी आली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स या दोघांना पोलंडकडच्या आघाडीवर टायफसच्या रुग्णाच्या लघवीत प्रोटियस नावाचा एक साधा जंतू मिळाला. या जंतूमुळे टायफस होत नव्हता. पण टायफसच्या रुग्णाचा रक्तद्रव त्यात मिसळला की जंतूंच्या गुठळ्या होत. दोन्ही जंतूंच्या अंगावरची एक खूण जुळते, म्हणून एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही पकडतात. १९१६ साली ही वाइल-फेलिक्स चाचणी जगापुढे आली. पुढे १९२२ मध्ये खुद्द वाइल यांना प्रयोगशाळेतच टायफसची लागण झाली आणि त्यात ते गेले.

क्वालालंपूरच्या इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत विल्यम फ्लेचर आणि त्यांचे सहकारी लेसलर यांनी १९२० च्या दशकात ही चाचणी स्थानिक रुग्णांवर करून पाहिली. त्यांच्याजवळ प्रोटियसचे दोन वाण होते. एक मूळचा, दुसरा किंग्जबरी या सहकाऱ्याच्या नावावरून 'के' हे अक्षर मिळालेला. निकाल विलक्षण निघाला. शहरातल्या, दुकानांत आणि वखारींत वावरणाऱ्या रुग्णांचे रक्त पहिल्या वाणाशी जुळे. तेलताडाच्या मळ्यांत गवत काढणाऱ्या मजुरांचे रक्त मात्र 'के' वाणाशीच जुळे. म्हणजे एका नावाखाली दोन रोग नांदत होते. पहिला घरातल्या उंदरांच्या पिसवांमुळे होणारा, दुसरा मोकळ्या झुडुपी रानातला. या दुसऱ्याला स्क्रब टायफस नाव पडले. त्याच संस्थेत आर. ल्यूथवेट आणि एस. आर. सवूर यांनी पुढची कित्येक वर्षे खपून मळ्यातला हा ताप आणि जपानी नदीकाठचा ताप एकच असल्याचे सिद्ध केले. त्यांचा शेवटचा महत्त्वाचा लेख १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

मला या टप्प्याचे महत्त्व फार वाटते. महागडी उपकरणे नव्हती, खरा जंतू बाटलीत वाढवता येत नव्हता. रुग्ण काम काय करतो, कुठे करतो, हा प्रश्न रक्ताच्या चाचणीइतक्याच गंभीरपणे विचारला गेला म्हणून दोन रोग वेगळे झाले. चाचणीची मर्यादाही तेव्हाच दिसली होती. तापाच्या पहिल्या आठवड्यात ती बहुधा कोरी येते आणि नंतरही अनेक खरे रुग्ण तिच्या हातून निसटतात. तरी पुढची ऐंशी-नव्वद वर्षे आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत या रोगासाठी एवढी एकच चाचणी होती, आणि तीही कोणी मागवली तर.

मग युद्ध आले. १९४३ ते १९४५ या काळात आसाम-मणिपूर-ब्रह्मदेशाच्या सीमेवर लाखो सैनिक रानात राहिले. ते गवतात झोपत, खंदक खणत, ओढ्याकाठी तळ टाकत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही याच मुलखात लढल्या. १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकच्या लढाईत त्यांची एक पलटण होती. या आघाडीवर मलेरियाने सर्वाधिक माणसे आडवी केली, पण मलेरियाच्या गोळ्या घेऊनही ताप हटत नाही आणि रक्तात मलेरियाचे जंतू दिसत नाहीत असे रुग्ण हजारोंनी येऊ लागले. फौजी डॉक्टर अनुभवातून शिकले. तापाचा सैनिक आला की त्याचे सगळे कपडे उतरवायचे आणि काखेपासून घोट्यापर्यंत खपली शोधायची. खपली सापडली की निदान झाले.

इंफाळला या रोगाच्या अभ्यासासाठी एक खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे काम करणारे जे. राल्फ ऑडी यांच्या लक्षात आले की माइट गर्द जंगलापेक्षा माणसाने मोडून सोडून दिलेल्या जागी जास्त असते. उठलेली गावे, पडीक पडलेली शेते, जंगल आणि वस्ती यांच्या मधला झुडुपांचा पट्टा, या तिच्या आवडत्या जागा. उत्तर ब्रह्मदेशात मितकिना येथे अमेरिकी टायफस आयोगाचे पथकही काम करत होते. सैनिकांच्या गणवेशाला डायब्युटिल थॅलेटसारखी किडे दूर ठेवणारी रसायने चोळली जाऊ लागली, तळाच्या जागा जाळून साफ केल्या जाऊ लागल्या. प्रतिबंध असा बऱ्यापैकी साधला. उपचार मात्र नव्हता. सल्फा औषधांचा उपयोग होत नव्हता, पेनिसिलीनचाही नाही. पाणी पाजणे, अंग पुसणे, रात्ररात्र जागून शुश्रूषा करणे, एवढेच हाती होते आणि त्यावर पुष्कळ जण वाचलेही.

उपचार सापडला तो युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी. व्हेनेझुएलातल्या मातीतून मिळालेल्या एका सूक्ष्मजीवापासून अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीने क्लोरोमायसेटिन नावाचे नवे औषध काढले होते. आज आपण त्याला क्लोरॅम्फेनिकॉल म्हणतो. अमेरिकी लष्करी संशोधक जोसेफ स्मॅडेल यांनी ते प्रयोगशाळेत टायफसच्या वर्गातल्या जंतूंवर तपासले, आणि १९४८ च्या मार्चमध्ये ते आपले पथक घेऊन क्वालालंपूरला आले. ल्यूथवेट आणि सवूर तिथे होतेच. मळ्यांमधून तापाचे रुग्ण निवडले गेले. दोन-दोन आठवडे हटत नसे तो ताप या गोळ्यांनी एक-दीड दिवसात उतरू लागला. ग्लानीत पडलेली माणसे उठून बसू लागली. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला.

आणि इथेच आणखी एक गोष्ट घडली. स्क्रब टायफस समजून औषध दिलेल्यांत टायफॉइडचेही रुग्ण निघाले. चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत औषध सुरू झालेले होते आणि त्यांचाही ताप उतरत होता. टायफॉइडवर तोवर जगात कुठेही औषध नव्हते. पथकाने मग मुद्दाम टायफॉइडच्या रुग्णांना ते दिले आणि टायफॉइडच्या पहिल्या खऱ्या उपचाराचा लेख लिहिला. टी. ई. वुडवर्ड, स्मॅडेल आणि इतरांच्या बरोबरीने त्या लेखावर डी. एस. मंकीकर हे नाव आहे. सवूर काय, मंकीकर काय, ही आडनावे कोकण-कारवारकडच्या वाचकाला परकी वाटणार नाहीत.

एका चुकीच्या निदानातून टायफॉइडचा उपचार हाती आला, हे वैद्यकाच्या इतिहासातले मोठे दान. पण त्याचाच एक परिणाम पुढे आपल्याला भोगावा लागला. दोन्ही तापांवर एकच औषध लागू पडते म्हटल्यावर दोन्हींत फरक करण्याची निकडच संपली. १९५० नंतर भारतात आठवडाभर न हटणाऱ्या तापाला टायफॉइड म्हणायचे आणि क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे, हा शिरस्ता झाला. ते नसले तर टेट्रासायक्लिन, आणि तेही स्क्रब टायफसवर तितकेच गुणकारी. रोगी बरा होऊन घरी जाई. त्याला नेमके काय झाले होते हे कोणी विचारत नसे, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत टायफसच्या वर्गातले ताप आहेत हे पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधल्या एस. एल. कालरा यांच्यासारख्या लष्करी संशोधकांनी १९५० च्या दशकात लिहून ठेवले होते. पण पाठ्यपुस्तकात स्क्रब टायफसचा एक परिच्छेद राहिला आणि तोही परीक्षेपुरता.

ही व्यवस्था मोडली टायफॉइडमुळेच. टायफॉइडच्या जंतूने क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देणे थांबवले. १९७२ साली कालिकतला अशा टायफॉइडची साथ आली, आणि १९९० च्या सुमारास देशभर अनेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. डॉक्टर आधी सिप्रोफ्लॉक्सासिनकडे आणि मग सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनांकडे वळले. टायफॉइडसाठी ते योग्यच होते. पण सेफ्ट्रियाक्सोन जंतूच्या बाह्य भिंतीवर घाव घालते, आणि पेशीच्या आत दडून राहणाऱ्या ओरिएन्शियाला तो घाव लागत नाही. चाळीस वर्षे नकळत झाकला गेलेला रोग उघडा पडला. आता तापावर भारी इंजेक्शने दिली तरी रुग्ण सुधारत नव्हता, आणि हे चित्र ओळखणारी डॉक्टरांची पिढी निवृत्त झालेली होती. त्यात टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीची भर. ती आपल्याकडे पुष्कळदा टायफॉइड नसतानाही होकारार्थी येते. गावातल्या लॅबमध्ये 'विडाल पॉझिटिव्ह' आले की शोध तिथेच थांबे.

पुन्हा ओळख पटायला सुरुवात झाली ती २००० नंतर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये थंडीच्या दिवसांत येणाऱ्या अज्ञात तापाच्या रुग्णांत हा रोग ओळखला गेला. सिमल्याच्या डॉक्टरांना २००३ च्या शरद ऋतूत गवत कापणीच्या दिवसांतल्या तापात तो सापडला. खपलीचा शोध परत सुरू झाला. वेल्लोरमध्ये नीट, सगळे अंग उघडे करून पाहिले तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांच्या अंगावर ती मिळाली. सावळ्या वर्णाच्या कातडीवर ती दिसतच नाही, हा जुना समज होता. पाहणारे डोळे आणि तपासायला पुरेसा उजेड असला की ती दिसत होती.

गोव्याचा अनुभव आपल्या अधिक जवळचा. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाच दिवसांहून जास्त ताप असलेल्या आणि कारण न सापडलेल्या रुग्णांना मुद्दाम स्क्रब टायफसच्या चाचण्या लावण्यात आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांना स्क्रब टायफस निघाला. बहुतेक जण पावसाळ्यातले आणि त्यानंतरच्या महिन्यांतले. खपली फार थोड्यांच्या अंगावर होती, आणि काही रुग्ण वाचले नाहीत. चाचण्या लावल्या नसत्या तर या सगळ्यांच्या कागदावर 'अज्ञात ताप' एवढेच राहिले असते.

गोरखपूरला मात्र अजून पाण्यावर संशय होता. २००९ मध्ये काही मुलांत आतड्यातून शरीरात शिरणारे एन्टेरोव्हायरस सापडल्याचे प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे उथळ हातपंप बंद करून खोल बोअरचे 'इंडिया मार्क-२' पंप बसवण्यावर जोर आला. स्वच्छ पाणी हवेच होते, पण तेवढ्याने मेंदूज्वर हटला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २००८ मध्ये गोरखपूरला आपले केंद्र उघडले. नमुने येत, तपासले जात, आणि बहुतेकांत ओळखीचा विषाणू निघत नसे. विषाणू संस्थेने विषाणूच शोधावा हे स्वाभाविक होते. प्रश्न जिवाणूचा असू शकेल, हा विचार उशिरा आला.

पण खुणा होत्या. जपानी मेंदूज्वरात ताप आल्यावर थोड्याच दिवसांत झटके येतात. या मुलांना त्याआधी बरेच दिवस ताप असे. पुष्कळांचे चेहरे सुजलेले असत, यकृत वाढलेले असे, प्लेटलेट उतरलेल्या असत. मेंदूपुरत्या विषाणूने असे सगळ्या शरीरभर होत नाही. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडले की मात्र नेमके असेच होते.

२०१४-१५ च्या सुमारास चेन्नईची राष्ट्रीय साथरोग संस्था, बंगळुरूची निम्हान्स, पुण्याची विषाणू संस्था आणि गोरखपूरचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून नव्याने तपास केला. मेंदूज्वराच्या मुलांच्या रक्तात स्क्रब टायफसची आयजीएम प्रतिपिंडे शोधली, आणि साठ टक्क्यांहून अधिक मुलांत ती मिळाली. यावर एक रास्त आक्षेप होता. ज्या भागात हा जंतू सगळीकडेच आहे, तिथे निरोगी मुलांच्या रक्तातही प्रतिपिंडे असणारच. मग तोच मेंदूज्वराचे कारण कसा ठरतो? म्हणून मनोज मुरहेकर आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांबरोबर त्याच भागातल्या निरोगी मुलांचेही रक्त तपासले. दोन गटांतला फरक इतका मोठा निघाला की शंकेला जागा राहिली नाही. २०१७ मध्ये 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसिजेस' या नियतकालिकात तो अभ्यास आला. पुढे असेही दिसले की पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत साध्या तापासाठी त्या भागातल्या आरोग्य केंद्रांत येणाऱ्या दर पाच मुलांपैकी साधारण एकाला स्क्रब टायफस असतो.

ही शेवटची गोष्ट निर्णायक होती. मूल मोठ्या रुग्णालयात पोचायच्या आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, कधी गावच्या वैदूकडे, तापाचे पहिले आठ दिवस काढत होते. त्या आठ दिवसांत योग्य गोळी मिळाली तर मेंदूपर्यंत प्रकरण जातच नाही. संशोधकांनी घरोघर जाऊन मुले कुठे खेळतात, काय करतात हेही विचारले. शेतात जाणे-खेळणे, गुरांचा चारा हाताळणे, सरपण घरात रचून ठेवणे आणि उघड्यावर शौचाला जाणे, या गोष्टी आजारी मुलांच्या घरांत जास्त आढळल्या. शंभर वर्षांपूर्वी फ्लेचर यांनी मळ्यातल्या मजुरांबद्दल विचारलेला प्रश्नच इथे पुन्हा विचारला गेला होता.

त्यानंतर उत्तर प्रदेशात आरोग्य केंद्रांवर पावसाळी तापाच्या मुलांना अहवालाची वाट न पाहता ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देण्याचे धोरण आले. धोरण आले म्हणून सगळे लगेच बदलले नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सिजनच्या पुरवठ्यावरून गोरखपूरचे तेच रुग्णालय देशभर गाजले, आणि काही दिवसांत साठहून अधिक मुलांचे मृत्यू झाल्याच्या बातम्यांनी सगळा देश हळहळला. पुढच्या वर्षांत मात्र मेंदूज्वराचे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही उतरत गेले. याचे सगळे श्रेय गोळ्यांना देता येणार नाही. लस होती, संडास बांधले गेले, पाणी सुधारले, जिल्ह्याजिल्ह्यांत अतिदक्षता विभाग झाले, 'दस्तक' मोहिमेत आरोग्यसेविका दारोदार फिरल्या. पण कारण कळल्याशिवाय तापाच्या पहिल्या आठवड्यात कोणती गोळी द्यायची हे कोणालाच सांगता आले नसते, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातही हा रोग आहे आणि तो नवाही नाही. २०११ मध्ये अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी याच वर्गातल्या, गोचिडांमुळे होणाऱ्या ठिपक्यांच्या तापाचे लवकर निदान करण्यासाठी लक्षणांवर गुण देण्याची एक पद्धत सुचवली होती. सात वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, अनेक जण दगावले, आणि वर्तमानपत्रांनी त्याला गूढ ताप म्हटले. तेव्हा गोरखपूरचा अहवाल छापून एक वर्ष झाले होते. रोग खरोखर वाढला आहे की आपण आता पाहू लागलो आहोत, असे विचारले जाते. दोन्ही खरे असावे. पडीक जमिनी, शहरांच्या कडेचे झुडुपी पट्टे वाढत आहेत आणि प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणीही आता जिल्ह्यात पोचली आहे. पण जिथे चाचणी नाही तिथे रोग नाही असे समजणे ही जुनीच चूक आहे.

उपचाराचा अभ्यासही थांबलेला नाही. २०२३ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या सात केंद्रांत झालेल्या चाचणीत असे दिसले की गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास एकट्या औषधापेक्षा अधिक गुण येतो. मुलांच्या दातांवर डाग पडतील म्हणून आठ वर्षांखाली डॉक्सिसायक्लिन न देण्याची भीती पूर्वी होती. आता थोडे दिवस ते देणे सुरक्षित मानले जाते. गरोदर स्त्रियांसाठी ॲझिथ्रोमायसिन आहे.

२०१५ च्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप, दुसरे कारण सापडत नाही, तर स्क्रब टायफसचा संशय घ्यावा, खपली शोधावी, आणि चाचणीच्या निकालासाठी औषध अडवून ठेवू नये. अंगावर खपली असेल तर पाच दिवसही थांबू नये. जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत तुमच्या घरात कोणाचा ताप पाच दिवस उतरला नाही, तर शेतात, गवतात, रानात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा, सगळे अंग तपासायला सांगा, आणि 'हा स्क्रब टायफस असू शकेल का?' असे विचारा. विचारायला संकोच करू नका. औषध तालुक्याच्या दुकानात काही रुपयांना मिळते.